भावाचं नाव लावू की अम्माचं?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४२. घरात बारा शिलाई मशीन लावून त्या शाळांच्या गणवेशाचं काम घेतात. २०१८ मध्ये पती गेले, मूल नाही. पतीच्या विम्याची रक्कम नॉमिनी म्हणून यांना मिळाली, ते सासरी खटकलं, आणि तेव्हापासून सासू आणि दिराशी येणंजाणं बंद आहे. ताई आता आईजवळ राहतात. भाऊ शेजारच्याच खोल्यांत राहतो, त्याची नऊ वर्षांची मुलगी शाळा सुटली की थेट आत्याकडे. ताईंच्या तीन पॉलिसी आहेत. एक लग्नाआधीची, तिचे नॉमिनी वडील, ते आता नाहीत. दोन लग्नानंतरच्या, त्यांचे नॉमिनी पती. शिवाय बँकेतून हप्ता जाणारी प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. भाऊ म्हणतो, "माझं नाव लाव. अम्मा थकली, पोरगी लहान, शेवटी बघायचं मलाच आहे." एजंट म्हणतात, "कुणाचंही लावा, बदलता येतं." ताईंच्या मनात भाचीचं नाव आहे. त्या लिहितात, "मला ना मूल ना नवरा, भांडणार कोण? नाव नाही लावलं तरी अम्मालाच मिळेल ना? भावाचं नाही लावलं तर त्याला वाटेल, बहिणीचा विश्वास नाही. काय करू?"

नाही मिळणार, ताई. अम्माला मिळणार नाही. भावाला काय वाटेल ते नंतर बघू, आधी हे.

हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई एकाच पंगतीत बसतात. बाई गेली तर पंगत वेगळी मांडली जाते. पंधरावं कलम सांगतं की तिच्या मालमत्तेवर पहिला हक्क तिच्या मुलांचा आणि नवऱ्याचा. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांचा. तिच्या स्वतःच्या आईवडिलांचा नंबर त्यांच्याही मागे. आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता तेवढी अशा वेळी माहेरी परत जाते. पण तुम्ही मशीनवर बसून, पाठ मोडून जे कमावलं आणि ज्यातून हप्ते भरले, ते सासरच्या वाटेनं जातं. तुमच्या तिन्ही पॉलिसींचे नॉमिनी वारलेले आहेत, म्हणजे आज त्यांना नॉमिनीच नाही. उद्या काही बरंवाईट झालं तर रक्कम कायद्यानं जाईल सासूबाईंकडे, आणि त्या नसल्या तर दिराकडे. अम्मा दारात बसून बघत राहील.

तुम्हाला हे अतिशयोक्तीचं वाटत असेल. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेमका असाच खटला निकाली निघाला. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेलेली मुलगी, सासरहून घालवून दिलेली. माहेरच्यांनी शिकवलं, तिनं नोकरी केली, पैसा साठवला, आणि मृत्युपत्र न करता ती वारली. आई कोर्टात गेली. पैसा मिळाला सासरच्यांना. न्यायालयानं म्हटलं, सहानुभूती वेगळी आणि कायदा वेगळा. या तरतुदीला आव्हान देणाऱ्या याचिका अजूनही होत असतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच सगळ्या स्त्रियांना, विशेष करून हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करून ठेवण्याचं आवाहन केलं. देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट असं सांगतं तेव्हा आपण फाईल काढावी.

म्हणून तुमचा 'भांडणार कोण?' हा प्रश्न मला उलटा वाटतो. सासरच्यांना भांडावंच लागणार नाही. भांडावं लागेल अम्माला, तेही अडुसष्ट-सत्तरीच्या वयात, कोर्टाच्या पायऱ्या चढून. मी विम्याच्या कचेरीत काउंटरवर बसायचे तेव्हा कापडी पिशवीत पॉलिसी गुंडाळून आणणाऱ्या आया बघितल्या आहेत. पॉलिसी खरी, हप्ते भरलेले, मृत्यूचा दाखला बरोबर, फक्त नॉमिनीच्या जागी वारलेल्या माणसाचं नाव. अशा वेळी समोरच्या कर्मचाऱ्याच्या हातात काहीच नसतं. तो कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे वारस कोण ते सांगणारा दाखला, आणा म्हणतो. त्या बाईला तो शब्द कळत नाही, आणि कळला तरी त्या अर्जात सगळ्या वारसांची नावं लिहावी लागतात.

आता नॉमिनी म्हणजे काय, ते बघू. तुम्ही धरून चालला आहात की नॉमिनी म्हणजे मालक, कारण तुमच्या बाबतीत तसंच झालं. पण पूर्वी तसं नव्हतं. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं होतं की विम्याचा नॉमिनी फक्त पैसे स्वीकारणारा हात असतो, पैसा वारसांचाच. मग २०१५ च्या दुरुस्ती कायद्यानं विमा कायद्याचं एकोणचाळिसावं कलम बदललं. आईवडील, पती किंवा पत्नी, आणि मुलं, एवढ्यांपैकी कुणाला नॉमिनी केलं तर ते त्या पैशाचे हक्कदार लाभार्थी ठरतात. तुमचे पती २०१८ मध्ये गेले, तेव्हा हा बदल लागू झालेला होता. सासरी तुम्हाला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मनात कुठे टोचत असेल तर ते काढून टाका. तो पैसा कायद्यानं तुमचा होता.

या यादीत भाऊ नाही. बहीण नाही. भाचा-भाची नाहीत. ते नॉमिनी होऊ शकतात, कंपनी त्यांच्या हातात पैसे देतेही, पण त्यांच्यासाठी १९८३ चाच नियम आजही चालू आहे. पैसे स्वीकारायचे आणि वारसांना द्यायचे. तुमचे वारस कोण, ते वर लिहिलंच आहे. म्हणजे भावाचं म्हणणं ऐकून तुम्ही तिन्ही पॉलिसींवर त्याचं नाव लावलं आणि मृत्युपत्र केलं नाही, तर तो रक्कम उचलेल आणि तुमच्या सासूबाई ती त्याच्याकडून कोर्टामार्फत मागू शकतील. बिचाऱ्यानं चांगल्या मनानं सुचवलं असेल, पण त्याच्याच पदरात सगळ्यात कच्चा कागद पडेल. हे त्याला सांगा. विश्वासाचा विषय निघायच्या आधी सांगा.

एजंटचं 'कुणाचंही लावा, बदलता येतं' हे अर्धं खरं आहे. पॉलिसीची मुदत संपेपर्यंत नॉमिनी कितीही वेळा बदलता येतो. पण बदलायला आपण असावं लागतं.

अम्माबद्दल भाऊ म्हणतो ती थकली. थकली म्हणून तिचं नाव वगळायचं, हा तर्क मला पटत नाही. तुमच्या पश्चात सगळ्यात जास्त गरज तिलाच असणार, आणि कायद्यातही तिच्या नावाला सगळ्यात जास्त वजन आहे, कारण ती आई आहे. पैसे सांभाळायला जमणार नाहीत ही भीती असेल तर ती बँकेची अडचण आहे, नॉमिनीची नाही. तिचं खातं तुमच्यासोबत किंवा भावासोबत जोडून घ्या. आणि अम्माला मिळालेला पैसा पुढे तिच्या मुलांकडेच जाणार, म्हणजे भावाच्या घराबाहेर तो जात नाहीच. त्याची समजूत घालायला एवढं पुरावं.

एक बारीक खोच मात्र लपवत नाही. आईवडील-पती-पत्नी-मुलं या नॉमिनींचा हक्क वारसांपेक्षा वरचढ आहे का, यावर अजून कोर्टांचं एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये म्हटलं की वारसांनी दावा केला तर असा नॉमिनीही वारसा कायद्याच्या वर जात नाही. आपण महाराष्ट्रात आहोत, तो निकाल इथं बंधनकारक नाही. पण शेजारच्या राज्यातला निकाल दिराच्या वकिलाला सापडायला वेळ लागत नाही. म्हणून माझं सांगणं, नॉमिनेशनवर थांबू नका. मृत्युपत्र करा, आणि त्यात तेच लिहा जे पॉलिसीवर आहे. दोन्ही कागद एकच बोलले की वादाला जागा उरत नाही.

मृत्युपत्र म्हटलं की आपल्याकडे लोक गप्प होतात. गड्ड्याच्या जत्रेला जायचं ठरवताना कुणी अशुभ मानत नाही, पण स्वतःच्या मरणाचं नाव काढलं की 'असं बोलू नये'. तुम्ही तर ते मरण जवळून बघितलं आहे, तुम्हाला मी काय सांगणार. खर्चाचं म्हणाल तर साध्या कागदावर लिहिलेलं मृत्युपत्रही चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही. तुमची सही, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, एवढं हवं. प्रत्येक साक्षीदारानं तुम्हाला सही करताना बघितलेलं असावं. ज्यांना काही देणार आहात त्यांना साक्षीला बसवू नका, म्हणजे भाऊ, वहिनी नको. तुमच्यापेक्षा वयानं लहान, गावातच राहणारी माणसं घ्या, नाहीतर गरज पडेल तेव्हा साक्षीदार आधीच गेलेले असतात. नोंदणी सक्तीची नाही, पण तुमच्या प्रकरणात मी दुय्यम निबंधकाकडे नोंदवाच म्हणेन, कारण विरोध कुठून येऊ शकतो ते आपल्याला आधीच माहीत आहे. वकिलाची फी जड वाटत असेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रियांना तिथं मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. तुमच्याकडे येणाऱ्या शिलाईच्या बायकांनाही हे सांगा.

मृत्युपत्रात फक्त विमा नको. मुदत ठेव, मशीन, दागिने, घरातला तुमचा हिस्सा असेल तर तो, सगळं लिहा. मुदत ठेवीला बँकेत नॉमिनी असतोच, १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांची नावंही देता येतात, पण बँकेचा नॉमिनी आई असो वा आणखी कुणी, तो पैसे घेणारा हातच. २०१५ चा बदल फक्त आयुर्विम्यापुरता आहे. आणि पॉलिसीची मुदत पूर्ण होऊन पैसे तुमच्याच खात्यात आले, तर त्या दिवसापासून पॉलिसीवरच्या नावाला काही अर्थ राहत नाही. तेव्हा बोलतं ते मृत्युपत्रच.

भाचीकडे येते. तुमच्या पत्रातली सगळी माया त्या दोन ओळींत आहे, ते मला दिसलं. तिचं नाव लावायला हरकत नाही, मात्र दोन गोष्टी बरोबरीनं कराव्या लागतील. ती कायद्यानं अज्ञान, म्हणजे वयानं लहान आहे, म्हणून ती अठरा वर्षांची होईपर्यंत तिच्या वतीनं पैसे घेणारी एक व्यक्ती फॉर्मवर नेमावी लागते. त्या व्यक्तीचीही सही लागते. इथं भावाला बसवा. तो तिचा बापच आहे, आणि 'तुझ्यावर विश्वास आहे' हे सांगायची याहून चांगली जागा मला सुचत नाही. दुसरं, भाची यादीत नसल्यामुळे नुसतं नॉमिनेशन तिला पैसे मिळवून देईल, राखून देणार नाही. मृत्युपत्रात 'अमुक पॉलिसीची रक्कम भाचीला' असं पॉलिसी नंबरासकट लिहायलाच हवं.

माझं मत विचाराल तर लग्नाआधीची आणि लग्नानंतरची मोठी, अशा दोन पॉलिसी पूर्ण अम्माच्या नावे. उरलेली एक भाचीच्या नावे, नेमलेली व्यक्ती भाऊ. एकाच पॉलिसीत टक्क्यांनी वाटणीही करता येते, पण तुमच्यासारख्या घरात सरळ वाटण्या बऱ्या, म्हणजे कुणाला कुणाच्या सहीची वाट बघावी लागत नाही. मृत्युपत्रात एक वाक्य जास्तीचं घाला, 'अम्मा माझ्या आधी गेली तर तिचा वाटाही भाचीला.' आणि अम्मा खरंच आधी गेली, तर महिन्याभरात फॉर्म पुन्हा भरा. वडिलांच्या आणि पतींच्या वेळी तो राहून गेला म्हणूनच आज हे पत्र आलं.

पुढं कधी तुम्ही पुन्हा संसार मांडलात तर? नाक खुपसते आहे, माफ करा. बेचाळीस हे काही वय नव्हे. लग्न झालं की विम्याचं जुनं नॉमिनेशन आपोआप रद्द होत नाही, ते तसंच राहतं. भविष्य निर्वाह निधीचं मात्र लग्नानंतर रद्द होतं, नवीन भरावं लागतं. या फरकानं पुष्कळ घरं गोंधळात पडली आहेत. एका ठिकाणी बायकोचं नाव, दुसऱ्या ठिकाणी लग्नाआधीचं कुणाचं तरी, आणि ज्याला विचारायचं तो माणूस फोटोत. घटस्फोट घेतलेल्या वाचकांनीही आपले जुने फॉर्म आठवावेत.

भावाशी बोलायचं कसं, याचं उत्तर मी थोडक्यात देते, कारण तो माणूस वाईट आहे असं पत्रात कुठेच दिसत नाही. त्याला एकट्याला बाजूला घेऊन 'तुझं नाव लावत नाही' असं सांगू नका. रविवारी सगळे भाकरी-शेंगाचटणी घेऊन बसाल तेव्हा अम्मासमोर तिन्ही पॉलिसी खाली पसरा आणि पंधराव्या कलमाची गोष्ट सांगा. तो स्वतःच म्हणेल, मग माझं नाव नको. नाही म्हणाला, तर निदान तुम्हाला कळेल की त्याला नाव कशासाठी हवं होतं. ते कळणंही वाईट नाही.

हे वाचणाऱ्या यंत्रमागवाल्या भावांसाठी एक वळसा. तुमच्या डोक्यावर सुताच्या व्यापाऱ्याची उधारी आणि बँकेचं कर्ज असतं. विवाहित पुरुषाला स्वतःच्या आयुष्यावर पॉलिसी घेताना ती विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली, म्हणजे १८७४ च्या कायद्याच्या सहाव्या कलमाखाली, बायकोच्या किंवा मुलांच्या नावे घेता येते. असा पैसा तुमच्या इस्टेटीत धरला जात नाही, त्यामुळे उधारीवाला त्यावर हात टाकू शकत नाही. अट एवढीच की हे पॉलिसी घेतानाच लिहावं लागतं, मागाहून चिकटवता येत नाही, आणि एकदा लिहिलं की आपल्या मर्जीनं फिरवताही येत नाही. कर्जापोटी पॉलिसी बँकेकडे गहाण टाकली असेल तर २०१५ पासून नॉमिनी उडत नाही, बँकेचं देणं भागून उरलेलं त्याचं. मुस्लिम वाचकांना वारसाचे नियम वेगळे आहेत. त्यांना वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्रानं देता येत नाही, तेव्हा त्यांनी आपल्या जाणकार वकिलाला विचारूनच कागद करावा.

आता नावांचं बघा. या कामात खरी दमछाक इथं होते. तुमची पहिली पॉलिसी माहेरच्या नावावर असणार, आधार आणि पॅन सासरच्या नावावर. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आडनाव कधी पुढं, कधी मागं, कधी नुसतं आद्याक्षर. अम्माचं नाव रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरं असलं तर मला नवल वाटणार नाही. हयातीत हे सुधारायला एक फॉर्म आणि विवाहाचा दाखला लागतो. मागाहून प्रतिज्ञापत्रं लागतात, आणि ती अम्माला करावी लागतील. तेव्हा नाव दुरुस्ती आधी, नॉमिनी बदल नंतर.

पॉलिसी ज्या शाखेत आहे तिथं नॉमिनी बदलाचा फॉर्म मिळतो, बऱ्याच कंपन्यांत ऑनलाइनही होतं. फॉर्म दिला म्हणजे काम झालं असं समजू नका. नोंद झाल्याचं पत्र हातात येईपर्यंत पाठ सोडायची नाही. ते पत्र मूळ पॉलिसीला पिन करा. कंपनी टोलवत राहिली तर पुण्याला विमा लोकपालांचं कार्यालय आहे, तिथल्या तक्रारीला फी लागत नाही.

आणि बँकेतून जे ४३६ रुपये दरवर्षी मे महिन्यात जातात, ती जीवन ज्योती विसरू नका. दोन लाखांचं संरक्षण आहे ते, आणि त्याचा नॉमिनी विम्याच्या शाखेत नव्हे, तुमच्या बँकेत नोंदलेला असतो. खातं लग्नानंतर उघडलं असेल तर तिथंही पतींचंच नाव निघेल. सोमवारी गणवेशाचे गठ्ठे पोचवायला बाहेर पडाल तेव्हा अम्माचं आधार पिशवीत टाका आणि येताना बँकेत डोकावून या.